बुद्धिबळ इंजिनची नवी आवृत्ती खरंच तगडी झाली का? चाचणीच्या नोंदी

४ जून

माझ्या छोट्या इंजिनची १.५ आवृत्ती आज कंपाइल झाली. १.४ पासून तीन गोष्टी बदलल्यात. लेट मूव्ह रिडक्शन जास्त आक्रमक केलं, म्हणजे यादीत मागे येणाऱ्या चाली आता आणखी कमी खोलीपर्यंत बघितल्या जातात. अ‍ॅस्पिरेशन विंडो घातली, म्हणजे शोध आधीच्या गुणाच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातच सुरू करायचा. आणि मूल्यमापनात राजाची सुरक्षा मोजायला लागलो. इंजिन कसं लिहायचं यावर वाचायला भरपूर मिळतं, पण लिहिलेला बदल खरंच फायद्याचा आहे हे ठरवायचं कसं आणि त्यात कुठे कुठे वेळ जातो हे कोणी सलग लिहून ठेवत नाही, म्हणून या नोंदी.

सगळ्यात आधी पर्फ्ट, म्हणजे ठरलेल्या खोलीपर्यंत कायदेशीर चालींचे एकूण किती मार्ग निघतात ते मोजणं. सुरुवातीच्या पटावरून खोली ५ ला ४८,६५,६०९ आणि खोली ६ ला ११,९०,६०,३२४ हे आकडे यायलाच हवेत, एक जरी इकडचा तिकडे झाला तरी चाली तयार करणारा भाग बिघडलाय असं समजायचं. किवीपीट नावाची जी स्थिती सगळे वापरतात तिचा खोली ४ चा आकडा ४०,८५,६०३, त्यात किल्लेकोट, एन पासान, बढती सगळं तपासलं जातं. दोन्ही बरोबर आले. हे न करता डाव खेळवायला बसू नका, कारण बेकायदा चाल झाली की डाव तिथेच हरल्याचा धरला जातो आणि तुम्ही विचार करत बसता की सर्च कुठे बिघडला.

६ जून

पहिले १०० डाव. प्रत्येकी ८ सेकंद आणि दर चालीला ०.०८ सेकंद. निकाल १.५ च्या बाजूनं ३८ विजय, ३७ बरोबरी, २५ पराभव, म्हणजे ५६.५ गुण. एलोमध्ये, म्हणजे ताकद मोजायच्या गुणांकनात, +४५.

आकडा छान दिसतोय आणि एक डाव तर १.५ नं घोड्याचा बळी देऊन असा जिंकला की परत परत बघावासा वाटला. पण १०० डावांची चूक किती धरायची ते काढलं तर ९५ टक्के खात्रीचा पट्टा साधारण −८ पासून +१०० पर्यंत जातो. म्हणजे नवी आवृत्ती किंचित कमजोर असेल हेही यात बसतं आणि १०० नं तगडी असेल हेही. असा निकाल हातात घेऊन काहीच ठरवता येत नाही.

हिशोब सोपा आहे म्हणून इथेच लिहून ठेवतो. एका डावाचा निकाल ०, अर्धा किंवा १, आणि बऱ्यापैकी बरोबरी होत असतील तर त्याचं विचलन ०.३९ च्या जवळपास येतं. ते डावांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं, दुप्पट करायचं आणि एलोमध्ये बदलायचं. १०० डावांना साधारण ±५५ एलो, १,००० ला ±१७, १०,००० ला ±५. चूक निम्मी करायची असेल तर डाव चौपट लागतात, याला पळवाट नाही. आणि आपल्यासारख्यांचे बहुतेक बदल ५-१० एलोचे असतात, १० एलो म्हणजे ५१.४ टक्के गुण. तेवढा फरक १०० डावांत दिसणं शक्यच नाही.

७ जून

कालचे डाव पीजीएन (डावांच्या नोंदीची फाईल) उघडून बघितले. सगळे सुरुवातीच्या पटावरून सुरू झालेले, आणि कितीतरी डाव पहिल्या बारा-पंधरा चालींपर्यंत हुबेहूब तेच. दोन्ही इंजिनांत यदृच्छेचा भाग काहीच नाही, फरक पडतो तो फक्त घड्याळामुळं. म्हणजे १०० डाव म्हणतोय ते खऱ्या अर्थानं १०० वेगळे डाव नव्हतेच, वरचा पट्टा काढला तोसुद्धा म्हणून जास्तच आशावादी आहे.

आता आठ चालींपर्यंत खेळलेल्या ओपनिंगचं पुस्तक लावलंय. प्रत्येक ओपनिंग दोनदा, रंग बदलून. ही जोडी फार महत्त्वाची, कारण ओपनिंगमध्ये एका बाजूला थोडा वरचष्मा असेल तर तो दोघांनाही एकेकदा मिळतो. डाव चालवायला आधी क्यूटचेस वापरत होतो, आता फास्टचेस, ते जोडीचा निकाल एकत्र धरून हिशोब करतं, त्यामुळं चूक थोडी कमी होते. ओपनिंगचा क्रमही यादृच्छिक ठेवायचा, नाहीतर लहान चाचणीत पुस्तकाची फक्त पहिली पानंच खेळली जातात.

९ जून

वेळेवर हरणं. पुस्तक लावून ३०० डाव झाले आणि त्यात बऱ्याच डावांच्या शेवटी 'वेळ संपली' अशी नोंद. जिंकत असलेला डाव घड्याळावर गेला तर त्या निकालाला काही अर्थच राहत नाही.

दोन कारणं निघाली. एक, माझ्या मशीनला चार खरे कोर आणि आठ थ्रेड, आणि मी एका वेळी आठ डाव लावले होते. एकटं इंजिन चालवलं तर सेकंदाला १४ लाख नोड (शोधातल्या स्थिती) बघतं, आठ डाव एकदम चालू असताना तेच नऊ लाखांच्या खाली जात होतं आणि मधेच ऑपरेटिंग सिस्टिम एखाद्याला थोडा वेळ बाजूला बसवायची. दुसरं, इंजिन आपल्या वाट्याचा वेळ शेवटच्या मिलिसेकंदापर्यंत वापरत होतं, निरोप पोचायला लागणारा वेळ धरलाच नव्हता.

आता एका वेळी तीन डाव, एक कोर मोकळा. प्रत्येक चालीमागे २० मिलिसेकंद राखून ठेवतो. टर्बो बंद केला, कारण मशीन तापलं की वेग खाली येतो आणि रात्रीचे डाव दुपारच्या डावांपेक्षा वेगळ्याच वेगानं खेळले जातात. चाचणी चालू असताना त्या मशीनवर दुसरं काहीही करायचं नाही. नंतर ५०० डाव चालवले, वेळेवर एकही गेला नाही. डाव कमी होतात हे खरं, साधारण दोन तासांत हजार, पण जे होतात ते वापरता येतात. आधीचे सगळे निकाल टाकून दिले.

१२ जून

नीट मांडणीवर १,००० डाव: १.५ ला ५३.१ टक्के, +२२, चूक ±१७. शून्य आता पट्ट्याच्या बाहेर. इथे थांबून १.५ जाहीर करायचा मोह झाला. पण एक तपासणी राहिली होती, आणि या सगळ्या नोंदींतली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे.

वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का बघतात तसं, तीच आवृत्ती तिच्याच विरुद्ध खेळवायची. १.४ ची फाईल आणि तिची नक्कल, २,००० डाव, ५०.३ टक्के. ठीक, चुकीच्या आत आहे, रनर, म्हणजे डाव चालवणारा प्रोग्रॅम, कोणाची बाजू घेत नाही. मग म्हटलं मूळ कोडमधून १.४ परत कंपाइल करावं आणि ते जुन्या १.४ विरुद्ध लावावं. कोड तोच, काही फरक यायचं कारण नाही.

फरक आला. ताजं १.४ सरळ पुढे, काहीशे डावांतच दिसायला लागलं.

१३ जून

कारण सापडलं. इंजिनात मी बेंच नावाची एक कमांड ठेवलीय, ठरलेल्या स्थिती ठरलेल्या खोलीपर्यंत शोधायच्या आणि एकूण नोड किती झाले ते छापायचं. दोन्ही १.४ चे नोड अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारखे, म्हणजे विचार करायची पद्धत एकच. वेग मात्र वेगळा: जुनी फाईल सेकंदाला ११ लाख, नवी १४ लाख.

जुनी फाईल मी कधीतरी दुसऱ्या कोणाला देण्यासाठी साध्या फ्लॅगनं (कंपायलरला दिलेले पर्याय) कंपाइल केली होती, कुठल्याही जुन्या प्रोसेसरवर चालावी म्हणून. त्यात पॉपकाउंटची सूचना वापरलेलीच नाही, बिटबोर्डमधले (पटाची घरं बिटांत मांडलेली असतात) बिट मोजायचं काम लांबच्या रस्त्यानं होतंय. १.५ मात्र याच मशीनसाठी पूर्ण ऑप्टिमाइझ करून बनवलेली. वेग दुप्पट झाला तर अशा कमी वेळेच्या डावांत छोट्या इंजिनाला ढोबळमानानं ५० ते १०० एलो मिळतात असं धरतात. इथे वेग सव्वापटीच्या वर गेलाय, म्हणजे वीसेक एलो नुसते कंपायलरचे. माझे +२२ जवळजवळ सगळे त्यातच गेले.

दोन्ही एकाच फ्लॅगनं बनवून परत १,००० डाव: ५०.२ टक्के. म्हणजे तीन बदल मिळून हातात काहीच नाही.

हे वाचून कोणी चाचणी लावणार असेल तर एवढं कराच: दोन्ही फाईल एकाच वेळी, एकाच कंपायलरनं, एकाच स्क्रिप्टमधून बनवा आणि डाव लावण्याआधी दोघांचा बेंच आणि वेग वहीत लिहा. आता माझी स्क्रिप्ट गिटच्या दोन कमिटचे (कोडच्या जतन केलेल्या अवस्था) नंबर घेते आणि दोन्ही तिथल्या तिथे बनवते, हातानं ठेवलेली फाईल चाचणीत येतच नाही.

१५ जून

तीन बदलांची बेरीज शून्य याचा अर्थ तिन्ही निरुपयोगी असा होत नाही. एक +१०, दुसरा −१० असंही असू शकतं. म्हणून तिन्ही वेगळ्या ब्रँचमध्ये काढले आणि एकेक करून १.४ विरुद्ध तपासणार. हे पहिल्याच दिवशी असंच करायला हवं होतं असं कोणीही अनुभवी माणूस सांगेल, आणि ते बरोबरच आहे.

डाव किती खेळवायचे ते आधी ठरवण्याऐवजी एसपीआरटी लावतोय. ही पद्धत अब्राहम वाल्डनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी मालाच्या तपासणीसाठी बसवली, माल किती नमुने बघून पास-नापास करायचा ते नमुने बघता बघताच ठरत जातं. स्टॉकफिश या इंजिनवाले २०१३ पासून फिशटेस्टवर, म्हणजे गॅरी लिनस्कॉटनं उभ्या केलेल्या सामायिक व्यवस्थेवर, प्रत्येक बदल याच पद्धतीनं गाळून घेतात. माझ्या सीमा ० आणि ५: बदल ० एलोचा आहे की ५ चा, यातलं काय जास्त पटतंय याचं मोजमाप दर डावानंतर हलतं. त्याला एलएलआर म्हणतात. +२.९४ ला पोचलं की पास, −२.९४ ला पोचलं की नापास. दोन्ही बाजूंना चूक ५ टक्के धरली की हेच आकडे येतात, १९ चा नैसर्गिक लॉग.

बदल खरोखर दोन-अडीच एलोचा असेल, म्हणजे बरोबर मध्ये, तर सगळ्यात जास्त वेळ लागतो, माझ्या हिशोबानं २५ हजार डावांच्या घरात. तेवढी तयारी ठेवूनच बसलोय.

१७ जून

लेट मूव्ह रिडक्शन: पास. १२ हजारांच्या आसपास डाव लागले, जवळजवळ पूर्ण दिवस आणि रात्र. अंदाज +६, पण एसपीआरटी पास होऊन थांबली की त्या वेळचा अंदाज थोडा फुगलेला असतो, कारण नशीब बाजूनं असतानाच ती थांबते. म्हणून हा आकडा कुठे मिरवणार नाही, पास एवढंच.

संध्याकाळी एलएलआर २.३ ला होता, सकाळी उठून बघतो तर एकच्याही खाली, मग दुपारी सीमेवर. संध्याकाळी 'झालंच की' म्हणून बंद केली असती तर या वेळी नुकसान झालं नसतं, पण तीच सवय पुढच्या दहा बदलांना लागली तर त्यातले दोन-तीन फुसके आत येतात आणि नंतर कोणते ते शोधून सापडत नाही. मधे मधे डोकावून, आकडा बरा दिसला की थांबायचं, असं केलं की ५ टक्के चुकीची हमी राहत नाही. बघायचं तेवढं बघा, हात मात्र लावू नका.

१९ जून

अ‍ॅस्पिरेशन विंडो: नापास, पाच हजारांच्या आसपासच. इतक्या लवकर नापास म्हणजे नुसता फायदा नाही एवढंच नाही, तोटा होतोय. जी गोष्ट बहुतेक सगळ्या इंजिनांत आहे तिच्यानं तोटा व्हायला नको, म्हणून हरलेले डाव काढून बसलो. प्रत्येक चालीशेजारी इंजिननं दिलेला गुण आणि खोली पीजीएनमध्ये राहते, ती राहू द्याच, इथे तिच्याच जोरावर काम झालं.

नमुना दिसला: गुण एकदम खाली येतो, त्याच वेळी इंजिन भलतीच चाल करतं. कधी वजीर अडकलेला असताना कडेचं प्यादं पुढे, असलं काहीतरी. झालं असं की शोध विंडोच्या खाली पडला की मी विंडो रुंद करून परत शोधतो. पण खाली पडलेल्या शोधात सगळ्याच चाली 'यापेक्षा चांगली नाही' एवढंच सांगतात, त्यातली पहिली कोणती ठरली याला काही अर्थ नसतो. माझा कोड तीच चाल 'सर्वोत्तम' म्हणून लिहून ठेवत होता, आणि परत शोधताना वेळ संपली की तीच खेळत होता. नेमकं जेव्हा पटावर संकट आलंय आणि विचार करायला हवा तेव्हाच.

दुरुस्ती दोन ओळींची: विंडोच्या खाली पडलेल्या शोधाची चाल लिहायचीच नाही, आधीच्या खोलीवरची ठेवायची. शिवाय गुण खाली पडलाय तर त्या चालीला थोडा जास्त वेळ.

२३ जून

दुरुस्त विंडोची चाचणी. तीसेक हजार डाव, एलएलआर कधी १.५ कधी −१, इकडून तिकडे, शेवटी खालच्या सीमेला. नापास.

आता तोटा नाही, बहुधा एक-दोन एलोचा फायदाच असेल, पण ५ चा नाही हे नक्की. सीमा ० आणि ३ केल्या असत्या तर कदाचित पास झालं असतं, पण निकाल बघून सीमा बदलायच्या म्हणजे पाहिजे तो निकाल काढून घ्यायचा. नापास म्हणजे नापास. १.५ मधून काढली. यात सगळ्यात जास्त मशीनचा वेळ गेला आणि हाती आला एक बग, तोसुद्धा ज्या कोडमध्ये होता तो कोडच आता बाहेर. तरी ती चाल लिहिण्याची दुरुस्ती ब्रँचवर आहे, विंडो परत येईल तेव्हा लागेल.

२४ जून

राजाची सुरक्षा. ही मला सगळ्यात जवळची, कारण १.४ चे हरलेले डाव बघितले तर निम्म्या वेळा राजावर हल्ला होत असताना इंजिन दुसऱ्या बाजूचं प्यादं खात बसलेलं असतं. कल्पना अशी की राजाभोवतीच्या घरांवर शत्रूचे किती मोहरे रोखलेले आहेत ते मोजायचं, मोहऱ्याप्रमाणे वजन द्यायचं, आणि एकापेक्षा जास्त असतील तर दंड पटीनं वाढत जाईल असा तक्ता.

एसपीआरटी: नापास.

पटेना म्हणून वेळेऐवजी नोड ठरवून खेळवलं, प्रत्येक चालीला दोघांना ५०,००० नोड, २,००० डाव. ५३.५ टक्के, +२४, चूक ±१२. म्हणजे ज्ञान बरोबर आहे, ते मिळवायला लागणारा वेळ महाग पडतोय. बेंचचा वेग बघितला: १४ लाखांवरून ११ लाखांच्या जरा वर. पाचवा हिस्सा वेग गेला.

नोड ठरवून खेळवणं हे निदानासाठी उत्तम, निर्णयासाठी नाही. घड्याळावर खेळणारं इंजिन शेवटी घड्याळावरच तपासायचं.

२७ जून

वेग परत मिळवायचं काम. प्रोफायलर लावला तर स्वच्छ दिसलं: प्रत्येक घोडा, उंट, हत्ती, वजीर कुठे कुठे मारा करतोय ते मोहऱ्यांच्या हालचालीचे गुण देताना एकदा काढतो, आणि राजाच्या सुरक्षेसाठी तेच परत काढतो. आता एकदाच काढून साठवतो. दुसरं म्हणजे समोरच्याकडे वजीरच नसेल तर हा सगळा हिशोब गाळायचा, दंड तसाही नगण्य यायचा. राजासमोरच्या प्याद्यांचा भाग प्याद्यांच्या हॅश टेबलात (आधी काढलेली उत्तरं साठवायचा तक्ता) टाकला, प्याद्यांची रचना चालीचालीला बदलत नाही त्यामुळं बहुतेक वेळा उत्तर तयारच सापडतं.

वेग १३ लाखांच्या वर आला. वजीर नसताना हिशोब गाळल्यामुळं मूल्यमापन बदललं, म्हणून बेंचचा आकडाही बदलला, तो नवा आकडा लिहून ठेवला. नुसतं साठवण्याच्या बदलानं मात्र बेंच बदलायला नको होता आणि बदलला नाही, ते वेगळं तपासलं. वेगासाठी केलेल्या बदलानं नोडची संख्या एकनंही हलली तर समजायचं की वेगाच्या नावाखाली वागणं बदललंय.

२९ जून

राजाची सुरक्षा, दुसरी फेरी: पास, पाच हजारांच्या जवळपास डावांत. इतक्या झपाट्यानं पास होताना बघून फार बरं वाटलं. डाव उघडून बघितले, आता राजावर चालून येणारे मोहरे बघून इंजिन मागे वळतं, बचाव करतं.

२ जुलै

लेट मूव्ह रिडक्शन आणि राजाची सुरक्षा एकत्र केली, हीच आता १.५. एकेकटे पास झालेले बदल एकत्र आले की बेरीज होईलच असं नसतं, आणि कमी वेळेत फायद्याचा असलेला बदल जास्त वेळेत उलटूही शकतो. रिडक्शनच्या बाबतीत तर ही भीती जास्त, खोली वाढली की कापाकापी कशी पडेल सांगता येत नाही.

म्हणून ४० सेकंद आणि ०.४, हॅश टेबल १६ वरून ६४ मेगाबाइट. सीमा त्याच ० आणि ५. साडेतीन हजारांच्या आत पास, पण वेळ पाचपट त्यामुळं मशीन दीड दिवस अडकलं. इथे बरोबरीचं प्रमाण वाढलेलं दिसतं, जास्त विचार केला की दोघंही कमी चुकतात.

५ जुलै

आतापर्यंत सगळं स्वतःच्याच जुन्या आवृत्तीविरुद्ध. यात एक ठरलेला दोष आहे, दोघांच्या आंधळ्या जागा सारख्याच असतात, आणि फरक साधारणपणे फुगून दिसतो. म्हणून ताकदीनं जवळपासची पाच मुक्त स्रोत इंजिनं घेतली आणि १.४ व १.५ दोघांना त्यांच्याविरुद्ध त्याच ओपनिंगवर प्रत्येकी ४,००० डाव खेळवले.

१.५ पुढे आहे, ९ एलोनं. पण इथे दोन वेगवेगळ्या मोजमापांची वजाबाकी होतेय, प्रत्येकात ±८ ची चूक, वजाबाकीत ती ±१२ होते. नुसत्या या निकालावर १.५ तगडी आहे असं म्हणता येणार नाही. एवढं म्हणता येतं की परक्यांसमोर ती कोसळत नाही, आणि मला इथून तेवढंच हवं होतं.

पण या डावांनी दुसरीच गोष्ट बाहेर काढली. स्वतःच्या चाचण्यांत मी डाव लवकर संपवायची सोय चालू ठेवली होती, दोन्ही इंजिनं सलग काही चाली सहाशे सेंटीपॉनच्या (शंभर म्हणजे एक प्यादं) वर फरक दाखवत असतील तर डाव तिथेच संपवायचा. वेळ खूप वाचतो. या वेळी ती बंद होती, आणि काही डाव असे निघाले की माझ्याकडे राजा आणि हत्ती, समोर एकटा राजा, आणि ५० चालींच्या नियमानं बरोबरी! कुठल्याही स्थितीतून हे जास्तीत जास्त १६ चालींत मात व्हायला हवं. इंजिन दर चालीला 'मात दिसतेय' म्हणतंय आणि हत्ती इकडून तिकडे फिरवतंय.

६ जुलै

हॅश टेबलात मात दाखवणारा गुण जसाच्या तसा साठवत होतो. 'इतक्या चालींत मात' हे शोधाच्या मुळापासून मोजलेलं असतं, पण तीच स्थिती दुसऱ्या वेळी वेगळ्या खोलीवर सापडते तेव्हा अंतर चुकतं, आणि सगळ्याच चालींनी सारखीच जवळ मात दिसते. मग प्रगती कशाला करेल. साठवताना त्या स्थितीपासूनचं अंतर करायचं, काढताना परत मुळापासूनचं, दोन ठिकाणी एकेक बेरीज-वजाबाकी. हा बग १.४ मध्येही होता, त्याच्या आधीपासूनही असणार, आणि डाव लवकर संपवण्याच्या सोयीमुळं आजवर एकदाही दिसला नाही.

अशा दुरुस्तीला ० आणि ५ च्या सीमा लावायच्या नाहीत. ती एलो वाढवण्यासाठी नाही, ती बरोबर आहे म्हणून जाणार, फक्त तिच्यामुळं काही बिघडत नाही एवढं दाखवायचं. म्हणून सीमा −५ आणि ०, सोय बंद ठेवून. पास.

सोय आता पूर्ण बंद नाही केली, वेळ फारच वाचतो तिच्यामुळं. पण दर दहा चाचण्यांमागे एक तिच्याशिवाय चालवणार, आणि तिचे पीजीएन शेवटपर्यंत बघणार. सहा मोहऱ्यांचे सायझिजी तक्ते (एंडगेमची आधीच काढलेली उत्तरं) लावून डाव संपवण्याचा विचार केला होता, पण ते दीडशे गिगाबाइटच्या घरात जातात. पाच मोहऱ्यांचे एका गिगाबाइटच्या आत बसतात, तेवढे उतरवलेत, आणि ते फक्त रनर वापरेल, इंजिन नाही, नाहीतर एंडगेममधले असे बग परत झाकले जातील.

९ जुलै

१.५ ला टॅग लावला. कमिटच्या निरोपात प्रत्येक बदलापुढे सीमा, वेळ, डाव, एलएलआर आणि बेंच लिहिलाय. नापास झालेल्या चाचण्याही त्याच फाईलमध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी तीच कल्पना परत सुचली तर आधी तिथे बघता येईल.

अ‍ॅस्पिरेशन विंडो रांगेत परत लावली. या वेळी १.५ वर, विंडोची सुरुवातीची रुंदी १५ ऐवजी २५ सेंटीपॉन, पाचव्या खोलीच्या आधी विंडो नाही, आणि सीमा ० आणि ३, डाव सुरू करण्याआधी लिहून ठेवलेल्या. अरुंद सीमेमुळं डाव खूप लागणार. आत्ता एलएलआर ०.४ आहे, पुढची नोंद सीमेला लागल्यावर.